इस्फहानची जुनी जामा मशीद : विटांचे सांधे बघत

इराणमधल्या इस्फहानला गेलेला माणूस बहुधा नक्श-ए-जहान चौकात दिवस काढतो, निळ्या घुमटांचे फोटो काढतो आणि शिराजची बस पकडतो. त्या चौकातलं वैभव सफवी घराण्यातल्या शाह अब्बासच्या काळातलं, म्हणजे १५९८ नंतरचं. त्याच्या ईशान्येला, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जी जामा मशीद आहे तिची सुरुवात आठव्या शतकातली, आणि पुढे हजारेक वर्षं तिच्यात भर पडत राहिली. २०१२ साली ती युनेस्कोच्या यादीत आली. वीस हजार चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पसरलेली ही इमारत अर्ध्या तासात 'करून' टाकता येत नाही. वास्तुकलेत रस असेल तर तिला तीन सकाळी द्या आणि एक दिवस आजूबाजूच्या गावांसाठी राखून ठेवा. खालचा क्रम तसाच लावला आहे.

निघण्याआधीची तयारी थोडक्यात. भारतीय पर्यटकांना ४ फेब्रुवारी २०२४ पासून मिळालेली व्हिसामाफी नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवण्यात आली, म्हणून व्हिसा हातात घेऊनच निघायचं. त्याही आधी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचायची. ती 'जाऊ नका' म्हणत असेल तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, जाऊ नये. आपली बँक कार्डं इराणमध्ये चालत नाहीत, त्यामुळे पूर्ण प्रवासाचे पैसे डॉलर किंवा युरोत रोख लागतात. नोटांवर रियाल छापलेलं असतं, दुकानदार भाव तोमानमध्ये सांगतो आणि एक तोमान म्हणजे दहा रियाल. पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी विचारून घ्या. सामानात लहान दुर्बीण (आठपट पुरे) आणि विजेरी हवीच. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर ठीक. शहर सुमारे १५७० मीटर उंचीवर असल्यामुळे हिवाळ्यात थंडी चांगलीच बोचते.

पहिला दिवस : बाजारातून जुन्या चौकापर्यंत

तेहरानहून रस्त्याने साधारण साडेचारशे किलोमीटर, बसने सहा तासांच्या आसपास. त्यामुळे पहिल्या दिवशी संध्याकाळच हाती उरते आणि ती बाजारात घालवावी. नक्श-ए-जहानच्या उत्तरेकडच्या कैसरिये दरवाज्यातून आत शिरलं की छत असलेला बाजार जवळजवळ दोन किलोमीटर वळणं घेत थेट जुन्या मशिदीपाशी पोहोचतो. सफवी राजधानीचा नवा चौक आणि सेल्जूक काळातला (अकरावं-बारावं शतक) जुना चौक यांना जोडणारा हा कणा आहे. वर पाहत चाला. प्रत्येक दुकानाच्या पट्ट्यावर एक लहान घुमट आणि त्याच्या मध्यावर उजेडासाठी भोक असतं. या विटांच्या छतांकडे आताच नीट पाहिलं तर उद्या मशिदीतली छतं पटकन कळतात.

छत विटेचंच का, याचं उत्तर लाकडाच्या टंचाईत आहे. इराणच्या पठारावर इमारती लाकूड दुर्मिळ, त्यामुळे कमानीखाली सेंट्रिंग बांधणं परवडत नसे. इराणी गवंडी त्याऐवजी जिप्समचा गच वापरतो. चुना घट्ट व्हायला आठवडे-महिने घेतो; हा गच काही मिनिटांत धरतो. वीट हाताने तिरकी लावून क्षणभर दाबून धरली की चिकटते, मग तिच्या टेकूवर पुढची. अशा कलत्या थरांनी अख्खं छत खाली आधार न देता चढतं. याची किंमत पाण्यात मोजावी लागते. जिप्सम ओलाव्यात विरघळतो. छतावरचा मातीचा लेप दरवर्षी नीट केला नाही, पन्हळ तुंबली किंवा जमिनीतून ओल चढली, की सांधे पोकळ होतात आणि भिंतीला खालून लोणा लागतो. उद्या मशिदीत खांबांच्या बुडाशी पांढरे चट्टे आणि भुसा झालेल्या विटा दिसल्या तर कारण हेच.

बाजारातून बाहेर पडताच मैदान-ए-कोहने, म्हणजे जुना चौक. अलीकडे तो पुन्हा बांधून काढला आहे. एकसारख्या कमानींच्या रांगा नीटनेटक्या आहेत, पण मला फारशा भावल्या नाहीत. त्याच्या बाजूला उभा असलेला अलीचा मिनार मात्र बघण्यासारखा : सेल्जूक काळातला, सुमारे पन्नास मीटर उंच, नुसत्या विटांच्या रचनेने नक्षी काढलेला. पायथ्याशी असलेलं हारून-ए-विलायतचं समाधिस्थान १५१३ चं, म्हणजे सफवी राजवटीच्या अगदी सुरुवातीचं. अंधार पडेपर्यंत एवढं पुरे.

दुसरा दिवस : चौक आणि दक्षिणेचा घुमट

मशीद उघडताच पोहोचा. शुक्रवार टाळा, आणि इतर दिवशीही दुपारच्या नमाजाच्या वेळेला पर्यटकांना बाहेर थांबावं लागतं. म्हणून पहिले दोन-तीन तासच कामाचे. बायकांनी डोकं झाकलेलं असावं; ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी विचारावं.

आत शिरल्यावर समोर मोठा चौक आणि चारही बाजूंना एकेक ऐवान, म्हणजे पुढून उघडा, उंच कमानीचा दिवाणखाना. दक्षिणेचा 'सुफ्फे-ए-साहिब', पश्चिमेचा 'उस्ताद', पूर्वेचा 'शागिर्द' आणि उत्तरेचा 'दरवेश'. दिशा सोयीसाठी म्हणायच्या. किब्ल्याची, म्हणजे नमाजात तोंड करायच्या मक्केच्या दिशेची, बाजू प्रत्यक्षात नैर्ऋत्येकडे झुकलेली आहे. हे चार ऐवान मूळ आराखड्यात नव्हते, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवायची.

मूळ मशीद कशी होती, हे १९७० च्या दशकातल्या इटालियन उत्खननाने बऱ्यापैकी उलगडलं. ७७२ च्या सुमारास इथे अब्बासी खलिफांच्या काळातली कच्च्या विटांची मशीद होती. तिच्या गचकाम केलेल्या किब्ला-भिंतीचे अवशेष दक्षिणेच्या घुमटाखाली सापडले. ८४० मध्ये, खलिफा मुअतसिमच्या काळात, ती पाडून मोठी मशीद बांधली : साधारण ८८ बाय १२८ मीटर, मध्ये चौक, भोवती खांबांचे मंडप आणि किब्ल्याची दिशा थोडी फिरवलेली. दहाव्या शतकात बुवैही राज्यकर्त्यांनी चौकाभोवती आणखी एक खांबओळ लावली, त्या विटांना नक्षीचे आकार देऊन. त्यातले काही खांब नंतरच्या जाडजूड पिलरांच्या पोटात गाडले गेले होते, ते उत्खननात बाहेर आले.

याआधी फ्रेंच वास्तुविशारद आंद्रे गोदार यांचं मत वेगळं होतं. इराणी मशीद म्हणजे सासानी (इस्लामपूर्व इराणी) अग्निमंदिरासारखा एकटा घुमट, आणि बाकीची बांधणी त्याच्याभोवती नंतर जमली, असं ते म्हणत. घुमटाखालीच जुन्या खांबमंडपाची सलग ओळ सापडल्यावर निदान या मशिदीपुरतं ते मत टिकलं नाही. पुस्तकांत अजून ते वाचायला मिळतं, म्हणून सांगितलं.

आता दक्षिणेच्या ऐवानातून आत, निजामुल्मुल्कच्या घुमटाखाली. सेल्जूक सुलतान मलिकशाहचा हा वजीर. १०८६-८७ मध्ये त्याने मिहराबासमोरचे, म्हणजे किब्ला-भिंतीतल्या कोनाड्यासमोरचे, चोवीस खांब काढून त्या जागी सुमारे १५ मीटर व्यासाचा घुमट उभा केला. घुमटावरच्या कोरीव लेखात सुलतान आणि वजीर दोघांचीही नावं आहेत. सुलतानाची नमाजाची जागा इथे होती. एवढ्या रुंदीचा विटेचा घुमट बांधायचा तर खाली चौरस आणि वर वर्तुळ, हा जुना पेच आधी सोडवावा लागतो. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर कमानी टाकून अष्टकोन करायचा, त्यावर सोळा कमानींचा पट्टा, आणि मग वर्तुळ. इथल्या कोपऱ्यांत जी युक्ती केली आहे ती पुढे इराणभर पसरली : एका मोठ्या कोपरकमानीचे तीन भाग केले आहेत, मध्ये खोल कोनाडा आणि दोन्ही बाजूंना पाव-घुमटाचे तुकडे. विजापूरच्या गोलघुमटात एकमेकींना छेदणाऱ्या कमानी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हाच पेच तिथे किती वेगळ्या रीतीने सुटला आहे हे ताडून बघता येईल.

नंतर नजर खाली आणा. घुमट पेलणारे खांब एकसंध नाहीत. अर्धगोल खांबांचे जुडगे चिकटवल्यासारखे दिसतात, आणि त्यांच्यावर जुन्या गचकामाचे तुकडे अजून शाबूत आहेत. खांबांच्या माथ्यावर दुर्बीण लावली की वरची रचना खालच्या रेषांशी जुळत नाही, हे लगेच दिसतं. खांबाचा उभार जिथे संपतो तिथून वर कोपरकमान आपल्या मनाने सुरू होते. इमारत भक्कम आहे, धाडसी आहे, पण वरचा आणि खालचा गडी एकमेकांशी बोललेले नाहीत. उद्याच्या घुमटाशी तुलना करायला हे ध्यानात ठेवा.

बाहेर येताना दक्षिणेच्या ऐवानाचा निळा-पांढरा साज पाहून तो सेल्जूक काळातला आहे असं वाटेल. तसं नाही. आतलं विटांचं शरीर बाराव्या शतकातलं असलं तरी फरशांचं (भिंतीवरच्या रंगीत टाइल्सचं) काम मोठ्या प्रमाणात आक कोयुनलू राजा उझुन हसनच्या काळातलं, १४७५-७६ चं. या मशिदीत तारीख सांगताना वीट आणि फरशी यांची वयं वेगळी धरावी लागतात. मार्गदर्शक हमखास एकच वर्ष सांगतात आणि गडबड तिथेच होते.

आग्नेय कोपऱ्यात फिरताना काही विटा फार सरळ, एकरंगी आणि नव्या वाटतात. १९८० च्या दशकातल्या इराण-इराक युद्धात तिथे बॉम्ब पडला आणि छतांचा एक भाग कोसळला, तो नंतर पुन्हा बांधला. जुन्या आणि नव्या कामाची सीमा शोधायला विजेरीचा झोत भिंतीला समांतर टाका. जुन्या विटांच्या कडा झिजलेल्या असल्याने सावल्या पडतात, नव्यांच्या पडत नाहीत.

तिसरा दिवस : उत्तरेची खाकी घुमटी

आज चौक ओलांडून थेट उत्तरेला. उत्तरेच्या ऐवानामागे, खांबांच्या जंगलातून गेल्यावर गुम्बद-ए-खाकी लागतो. बांधला तेव्हा तो मशिदीच्या सीमेबाहेर होता; मशीद नंतर वाढून त्याच्यापर्यंत आली. व्यास दहा मीटरच्या आसपास, उंची सुमारे वीस, रंग मातकट, आत फरशीचा तुकडा नाही. इथे बसायला एक तास ठेवा.

बांधणारा ताजुल्मुल्क, वर्ष १०८८-८९, म्हणजे दक्षिणेच्या घुमटानंतर दोनच वर्षांनी. ताजुल्मुल्क हा मलिकशाहची राणी तुर्कान खातूनचा माणूस आणि निजामुल्मुल्कचा दरबारातला कट्टर विरोधक. त्याने किब्ल्याच्या नेमक्या उलट टोकाला, त्याच अक्षावर आपला घुमट बांधावा, यात चढाओढ दिसणारच. १०९२ मध्ये निजामुल्मुल्कचा खून झाला, वजिरी ताजुल्मुल्ककडे आली. वर्ष उलटायच्या आत निजामच्या माणसांनी त्यालाही संपवलं.

राजकारण बाजूला ठेवून कोपऱ्यात उभे राहा आणि जमिनीपासून एक सडपातळ अर्धखांब डोळ्यांनी वर न्या. तो कमानीच्या कडेने चढतो, अष्टकोनाच्या पट्ट्यात शिरतो, तिथल्या लहान कमानीची बाजू होतो आणि वरच्या सोळा कमानींच्या रांगेपर्यंत रेष तुटत नाही. दक्षिणेला जे जुळलं नव्हतं ते इथे जुळलं आहे. कोपरकमान तीच, तीन भागांची, पण प्रत्येक भागाला खाली स्वतःचा आधार दाखवला आहे. भार कुठून कुठे उतरतो हे नुसतं पाहून सांगता येतं. डिझाइन शिकणाऱ्या मुलांनी आधी हा घुमट बघावा आणि मगच चौकातल्या सफवी मशिदी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आडवे व्हा, उभ्याने मान लवकर दुखते. घुमटाच्या आतल्या अंगावर उठावदार विटांच्या दुहेरी रेघांनी पंचकोनी तारा विणला आहे. खाली आठ, त्यावर सोळा अशा सम संख्यांची रचना आणि माथ्यावर एकदम पाच. पाचाचा मेळ सोळाशी लागत नाही, म्हणून तारेची टोकं खालच्या कमानींच्या मध्यावर येत नाहीत. एक-दोन ठिकाणी जुळतात, बाकी सरकलेली दिसतात. ही चूक नाही. वर्तुळाच्या कड्यावर लेखाची पट्टी फिरवून दोन्ही हिशोब वेगळे केले आहेत. ही वीण आधी आखल्याशिवाय हाताने जमणारी नाही. उमर खय्याम याच काळात मलिकशाहच्या पदरी इस्फहानमध्ये वेधशाळेचं काम करत होता आणि जलाली कालगणना १०७९ ची. साहजिकच काही अभ्यासक त्याचं नाव या घुमटाशी जोडतात. तसा लेखी पुरावा मात्र नाही, आणि घुमटाला त्याच्या नावाची गरजही नाही.

एवढ्या वर्षांच्या भूकंपांत त्याचा आकार बिघडलेला नाही. त्याचं एक कारण प्रमाणात आहे : व्यास लहान, भिंती जाड, आणि घुमटाचं टोक उंच काढल्यामुळे बाहेर ढकलणारा जोर कमी. सध्याचा धोका मात्र जमिनीखाली आहे. झायंदे रूद नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते, भूजल उपसलं जातं आणि इस्फहानचा भूभाग खचतो आहे. सगळी जमीन सारखी खचली असती तर फारसं बिघडलं नसतं, पण एक खांब एक बोट आणि शेजारचा दोन बोटं खाली गेला की कमानीच्या माथ्याला तडा जातो. खांबमंडपातून परत येताना कमानींच्या माथ्यांवर लक्ष ठेवा.

याच बाजूला ईशान्येच्या जुन्या दरवाजावर, मशीद जळाल्यानंतर दुरुस्ती केल्याचा लेख आहे, हिजरी ५१५, म्हणजे ११२१-२२. आग इस्माइली पंथीयांनी लावली असं इतिहासकार इब्न अल-अथीरने नोंदलं आहे. खांबमंडपांची लाकडी छतं जाऊन विटांची छतं आली ती मुख्यतः या काळापासून, आणि चार ऐवानही याच शतकात चौकाच्या चार बाजू कापून बसवले. आता मंडपांत चारशेहून जास्त लहान घुमट आहेत आणि शेजारशेजारच्या दोघांची नक्षी सहसा सारखी नसते. गवंड्यांना इथे हात साफ करायला मोकळं रान मिळालेलं दिसतं. सगळे मोजत बसू नका. चौरस छताला चार कोपऱ्यांतून वर नेणारे, फासळ्यांचे, आणि मध्ये भोक ठेवलेले असे तीन प्रकार ओळखता आले तरी सकाळ सत्कारणी लागली.

चौथा दिवस : उल्जायतूचा मिहराब आणि हिवाळी दालन

पश्चिमेच्या ऐवानाला लागून उत्तरेकडे एक लहान दालन आहे. त्याला बहुतेक वेळा कुलूप असतं. सकाळीच राखणदाराला विचारा, 'मेहराब-ए-उल्जायतू' एवढे शब्द पुरतात.

आतला मिहराब १३१० चा, इलखानी मंगोल सुलतान उल्जायतूच्या नावाचा, कोरणारा हैदर. उल्जायतूने त्याच सुमारास शिया पंथ स्वीकारला होता, आणि इथे बारा इमामांची नावं कोरलेली आहेत. म्हणजे ही नुसती नक्षी नाही, राजाचं जाहीर निवेदन आहे. जवळ जाऊन पाहिलं की थर दिसतात : सर्वांत मागे बारीक जाळी, तिच्यावर वेली, वेलींवर मोठी फुगीर पानं, आणि या सगळ्यावरून धावणारी अक्षरं. हे साच्यातून काढलेलं नाही. साधा गच मिनिटांत घट्ट होतो, त्यात असं कोरता येणार नाही. म्हणून भिजवलेला जिप्सम सतत ढवळत राहून त्याचा धरण्याचा जोर मारतात; इराणी कारागीर त्याला 'गच-ए-कुश्ते' म्हणतात. तो हळू सुकतो, लोण्यासारखा कापला जातो आणि सुरी तिरकी धरून पानाच्या खालूनही माल काढता येतो. सावली तिथूनच पडते. ढवळायचं लवकर थांबवलं तर लगदा गाठीगाठीने आवळतो. अति पाणी घातलं तर सुकल्यावर पापुद्रे सुटतात. कडेला ठेवलेल्या लाकडी मिंबरांवरचं (प्रवचनाच्या आसनांवरचं) कोरीव कामही बघून घ्या. उजेड एका बाजूने येतो, म्हणून फ्लॅश मारू नका, सपाट फोटो येतो.

शेजारीच बैत-उल-शता, हिवाळी नमाजाचं दालन. १४४७ चं, तैमूरी सुलतान मुहम्मद बिन बायसुंघरच्या काळातलं. दारावरचा फरशीकामाचा लेख इमाद बिन मुजफ्फर वरझनेई याचं नाव सांगतो. आत ठेंगणे, जाड खांब आणि जवळजवळ जमिनीपासूनच वळायला लागणाऱ्या कमानी. उंची मुद्दाम कमी ठेवली आहे, म्हणजे थंडीत माणसांची ऊब वर उडून जाऊ नये. खिडक्या नाहीत. छताच्या माथ्यावर अर्धपारदर्शक संगमरवराच्या पाट्या बसवल्या आहेत, त्यातून पिवळसर उजेड झिरपतो. वीजदिवे लावलेले असले तर राखणदाराला दोन मिनिटं बंद करायला सांगा. त्याच पंधराव्या शतकात दौलताबादच्या किल्ल्यात बहमनी राजवटीने चांद मिनार उभा केला आणि त्यावर इराणी धाटणीच्या निळ्या फरशा बसवल्या. तुकडे अजून जागेवर आहेत. संभाजीनगरच्या वाचकांना ते जवळ पडेल.

फरशीकामाचा फरक आजच डोळ्यांखालून घाला. एक प्रकार मुअर्रकचा : एकेका रंगाची फरशी वेगळी भाजून, तिचे हातोडीने तुकडे पाडून ते जुळवायचे. दुसरा हफ्त-रंगी : एकाच चौकोनी फरशीवर सगळे रंग भरून एकदाच भट्टी लावायची. पहिल्यात प्रत्येक रंगाला त्याचं हवं तेवढं तापमान मिळतं, म्हणून तो गडद आणि टिकाऊ. दुसरा स्वस्त आणि लवकर होणारा, पण रंगांना तडजोड करावी लागते. जवळून बघताना सरळ चौकोनी सांध्यांची जाळी दिसली तर हफ्त-रंगी, रंगाच्या कडेनेच सांधा गेला असेल तर मुअर्रक. पूर्वेकडच्या मुजफ्फरी मदरशात, १३६६-६७ च्या ऐवानात, आरंभीचं तुकड्यांचं काम बघायला मिळतं. पश्चिमेच्या ऐवानावरचं बरंचसं काम सफवी काळातलं.

पाचवा दिवस : अर्दिस्तान आणि झवारे

इस्फहानहून ईशान्येला अर्दिस्तान साधारण १२० किलोमीटर, पुढे झवारे १५. दिवसभराची गाडी ठरवली तर दोन्ही निवांत होतात. वाटेत खायला फार काही नाही, डबा बरोबर घ्या. दुपारी मशिदींची दारं बंद मिळू शकतात, म्हणून झवारे आधी आणि येताना अर्दिस्तान. किल्ली शेजारच्या दुकानात असण्याची शक्यता धरून चला.

झवारेची जामा मशीद ११३५-३६ ची. चौक छोटा, चार ऐवान आणि किब्ल्याकडे घुमट, सगळं एकाच वेळी, एकाच आराखड्यावर बांधलेलं. चौकाच्या कोपऱ्यात उभं राहून ऐवानाची भिंत शेजारच्या मंडपाच्या भिंतीला कशी भिडते ते पाहा. इस्फहानमध्ये तिथे उभी फट असते किंवा थरांची उंची बदलते, कारण ऐवान नंतर घुसवले. इथे विटांचे थर कोपऱ्यावरून सरळ वळून पुढे जातात. मिहराबावरचं गचकाम हैदरच्या कामापेक्षा जवळजवळ पावणेदोनशे वर्षं जुनं आणि बरंच सपाट आहे. पामिनार मशिदीचा १०६८-६९ चा मिनार गावातच आहे, तो पायी गाठा.

अर्दिस्तानची मशीद मोठी, जुन्या बांधणीवर ११५८ च्या सुमारास फेरफार केलेली. लेखात उस्ताद महमूद इस्फहानी हे गवंड्याचं नाव मिळतं. दक्षिणेच्या ऐवानाच्या छतावरचं पांढऱ्या गचाचं विणकाम आणि घुमटाखालची कोपरकमान बघा : तीन भागांची तीच युक्ती, बहात्तर वर्षांनी. परतीचा रस्ता उघड्या वाळवंटातून जातो, पाण्याच्या बाटल्या अर्दिस्तानातच भरून घ्या.